माझ्या उडीची वारस

मी, खाली सही करणारी, सायकलवर उड्या मारून पोट भरलेली आणि आता सायकली दुरुस्त करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकान, सर्व हत्यारांसह, माझ्या यजमानांकडे राहील. पान्हे जागच्या जागी ठेवावेत. मी नाही म्हणून पसारा चालणार नाही.

२. लाल सायकल धाकट्या भावाला. तिला ब्रेक लागत नाही, त्याच्या जिभेलाही लागत नाही, जोडी जमेल.

३. आता मुख्य. तरुणपणी एका व्हिडिओ गेम कंपनीने खेळातल्या बाईला माझ्यासारखं हलवता यावं म्हणून माझ्या अंगभर ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांनी उड्या टिपून घेतल्या. खेळ बाजारात आला तेव्हा उडी माझी, चेहरा माझा, आणि अंगावर चिंधी नाही! मला कोणी विचारलं नव्हतं. बभ्रा झाला, खेळावर बंदी आली, पण लोकांनी शेण घातलं ते माझ्याच तोंडात.

मी कोर्टात गेले. माझ्या किंवा माझ्या वारसाच्या सहीशिवाय तो खेळ पुन्हा विकता येणार नाही, असा निकाल मिळवला. आता बंदी उठली आहे आणि कंपनीचे नवे मालक सहीसाठी दारात घिरट्या घालतात. भाऊ म्हणतो, "ताई, करून टाक ना सही! नुसतं चित्र तर आहे." यजमान भिडस्त; घरात चहा प्यालेल्या माणसाला त्यांना नाही म्हणवत नाही. म्हणून सहीचा हक्क या दोघांनाही नाही.

तो मी माझ्या नणंदबाईंना देते. होय, त्यांनाच. माझ्या एकाही भाजीला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य जगजाहीर आहे. पण बभ्रा झाला तेव्हा सगळे तोंड चुकवत होते आणि या एकट्या घरी आल्या. खेळ लावायला सांगितला, चष्मा चढवून शेवटपर्यंत पाहिला.

"उतरताना डावा खांदा पडतो, म्हणजे उडी तुझीच, वहिनी. बाकीचं अंग तुझं नाही. मान खाली कशाला घालतेस?" जाताना कोपऱ्यातल्या जळमटांवर बोलल्याच.

वन्सं, आयुष्यभर तुम्ही मला नाही म्हणत आलात. आता माझ्यासाठी म्हणा.

साक्षीदार: शेजारचे शिंपी, डॉक्टरीणबाई. दोघांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या.

सही: सायकलवाली
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: वन्संचा वाढदिवस. यंदाची भेट हीच.