टॉवेलची घडी

दादा,

स्वयंपाकाच्या मावशींना पोलिसांनी सकाळपासून चौकीवर बसवून ठेवलंय. मी तिकडे चाललेय. अडवायला येऊ नकोस, मी ऐकणार नाही.

आईच्या बांगड्या गेल्या त्या दुपारचं कॅमेऱ्यातलं सगळं मी पुन्हा पाहिलं. वीस मिनिटं कॅमेऱ्यावर नुसता टॉवेल टाकलेला दिसतो. तू म्हणालास, "बघ, काहीच सापडलं नाही." कॅमेऱ्याला नसेल सापडलं, मला सापडलं. तोच टॉवेल संध्याकाळी कपाटात होता. तीन पदरी घडी, काठ आत. अशी घडी या घरात फक्त लॉन्ड्रीत काम करणारा माणूस घालतो, म्हणजे तू. चोर कधी टॉवेलची घडी घालून जातो का?

आईला काय वाटेल, हे आता मला सांगू नकोस. अकरा वर्षं आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईवर आळ आला तेव्हा तू मान खाली घालून जेवत होतास.

आज जेवण मी केलंय, जरा करपलंय. खाऊन घे आणि बांगड्या घेऊन चौकीवर ये. तू स्वतः बोललास तर मी तोंड उघडणार नाही.

टॉवेल मी सोबत नेलाय. घडी मोडलेली नाही.

धाकटी