मागच्या खिडकीतला एसी

४ मे, जळगाव
हाउसिंग बोर्डाची जुनी बिल्डिंग, वरचा मजला, वर नागडा स्लॅब. रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला की चटका. सासरे, आबा, लकव्यापासून पलंगावर, हलवणार कुठे? आबा म्हणतात, "बठ्ठं घर भट्टी व्हई गयं व बेटा." कूलर आहे म्हणून तगलोय.

६ मे
शेजारच्या भटूनानाने एसी बसवला. बाहेरचं डबडं नेमकं आमच्या मागच्या खिडकीशी. सगळी गरम हवा आमच्या घरात. म्हटलं, नाना, सरकवा. तर म्हणे, "खिडकी लाई ले ना, कूलर शे ना तुले!" मुडदा बशिवला याचा.

८ मे
खिडकी लावली. बंद खोलीत कूलर म्हणजे नुसती वाफ. अंथरूण ओलं, आबांचं अंग तापलेलं. पुन्हा भांडायला गेले. नानाने दार आपटलं, बोटं सापडली. दोन नखं काळी. हे म्हणतात, समजुतीनं घे. तुम्ही घ्या! ड्यूटीवर जाता, शिजतो आम्ही.

९ मे
दुपारी आबा बरळायला लागले. वारलेल्या सासूबाईंना हाका. मग हाकाही बंद, डोळे पांढरे. वरवंटा उचलला, खिडकी ढकलून बाहेर वाकले आणि डबड्यावर घातला. जाळी फाटली, पाती तुटली, तरी घालतच होते. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?
नाना धावत घरात आला, केस धरून ओढलं. मी मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त.
मग खिडकी सताड उघडीच ठेवली. ओली चादर, कूलर, डॉक्टरांचं सलाइन. दिवेलागणीला आबांनी पाणी मागितलं. रडले मी.

१० मे
नाना पोलिसांत जाणार म्हणे. जा बाबा.
त्याची सून आज दवाखान्यातून आली. पोर अपुऱ्या दिवसांचं, मुठीएवढं. एसी त्याच्यासाठी घेतला होता. मेल्या, तोंडानं सांगितलं असतंस तर! आणि मी तरी कुठे...

११ मे
सकाळपासून भिंतीपलीकडे पोर रडतंय. दुपारी आवाज बारीक झाला. आबा म्हणाले, "पोरले इकडं लई ये व. आपली खिडकी उघडी शे."
गेले. दार बडवलं. "नाना, पोर द्या माझ्याकडे, आमच्याकडे गार आहे!"
आतून नाना, "पोर तुना हातमा? हट!"
सून आत रडत होती, कडी काढा म्हणत होती. नानाने काढली नाही.
आत्ता पोराचा आवाजच थांबलाय. आबा म्हणतात, झोपलं असेल. मला नाही वाटत.
ह्यांनी वरवंटा कुठे लपवलाय कोण जाणे. सापडला की ते दारच फोडते.