कावळा आत गेला

सिरोंचा, ९ फेब्रुवारी १९८६

माय,
तुले अन् भाऊले जयभीम. तुझा दमा कसा आहे? मी बरी आहे. गुडघा जरासा सुजला, पण तू घोर नोको करू.

आमचा नाच चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवरच आहे, पण नव्या तऱ्हेचा. बोलणं नाई, गाणं नाई, नुसती ढोलकी. मी कावळा. घर वाहून गेल्यावर चिमणीच्या बंद दाराबाहेर नाचत राह्यचं अन् शेवटी थकून पडायचं. रोज नवं गाव, एकवीस झाले.

काल गुडघ्यानं दगा देला. मी अर्ध्यातच पडली, उठताच येईना. लोकायले नाचच वाटला. तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली, माझा हात धरला अन् म्हणाली, "रा बिड्डा." तेलुगूत म्हणजे, ये पोरी. तिनं मले आपल्या पोत्यावर नेऊन बसवलं. ढोलकी थांबली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लय रडली.

आमचा नाच बसवणारे सर खुश. म्हणाले, "आता रोज असाच शेवट करू."

मी म्हटलं, "सर, मले आता नाई होत. मी घरी जातो."

शनिवारच्या यष्टीनं निघतो. भाऊले आरमोरीच्या स्टँडवर पाठव, पेटी उचलवत नाई.

तुझी थकलेली,
रत्नमाला