देवीपुढचे पांढरे पट्टे

वारूळवाडी,
मंगळवार

प्रिय सूरज,

अनेक आशीर्वाद. तू चाकणहून टपालानं पाठवलेलं पुडकं काल मिळालं. भागूमावशीला नऊवारी लुगडं, मला साडी, देवीपुढं ठेवायला पेढे. लुगड्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती, साडेअकराशे. टपालाचे एकशे चाळीस. साडीची घडी मी मोडली नाही. पेढ्यांना मुंग्या लागतील म्हणून डब्यात घातले, देवीपुढं अजून नेले नाहीत. फोनवर मी विषय काढला की तू बंद करतोस, म्हणून हे पत्र.

भागूमावशीच्या पायात सळई घातली आहे. सकाळची भाकरी मीच नेऊन देते. तीस वर्षं आम्ही दोघी फाट्यावरच्या देवीला बरोबर जात होतो, आता मी एकटीच रस्ता ओलांडते. ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उभी राहून हात वर करते, तरी टोमॅटोचे पिकअपवाले हॉर्न देत पुढं काढतात. परवा एकानं काच खाली करून विचारलं, म्हातारे, रस्ता तुझ्या बापाचा आहे का. म्हटलं, पट्ट्यांवर आहे तोवर माझाच. थांबला मुकाट्यानं.

लायसन काढताना तुझी उजळणी मी घेतली होती. नियमांचं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून, भाकरी थापता थापता. पट्ट्यांवर पहिला हक्क कुणाचा? पायी चालणाऱ्याचा, तू फटकन म्हणायचास. गाडी कुठं थांबवायची? पट्ट्यांच्या अलीकडच्या रेघेवर. एकदाही चुकला नाहीस. पण पुस्तकात नसलेला एक नियम तुला मीच लावून दिला. पिकअपवर बसलास त्या पहिल्या दिवशी सांगितलं, देवीवरनं जाताना हात जोडल्याशिवाय पुढं जायचं नाही. सगळेच ड्रायव्हर जोडतात. मान देवळाकडं, हात स्टिअरिंगवरनं सुटलेले, आणि माणसं ओलांडायचे पट्टे नेमके देवळासमोर. इतकी वर्षं ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या सकाळी मी देवळाच्या पायरीवर पोचले होते. भागूमावशी मागून येत होती, पट्ट्यांच्या मधोमध होती. तुझे दोन्ही हात जोडलेले होते आणि तू देवीकडं बघत होतास. मी ओरडले ते तुला ऐकूच गेलं नाही, आणि तुझी पिकअप तिला धडकली. तू तिला उचलून दवाखान्यात नेलंस, ते मी विसरले नाही. पण मग पोलिसांना लिहून दिलंस की बाई पट्टे सोडून, खालच्या अंगानं पळत आली. गुडघे धरून चालणारी ती, पळणार कशी? आता गाव तिलाच हसतं. तिची सून म्हणते, पाय बरा झाला तरी देवळात सोडायची नाही. आणि ती मात्र म्हणते, "पोरगं पाया पडत व्हतं गं, त्याला काय बोलायचं?"

मी बोलणार. तुझा निरोप नानांनी सांगितला, की आईनं म्हणावं मला काही दिसलं नाही. मी नाही म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "आई असून पोराला आत घालतीस व्हय?" एका घरात नवराबायको असून तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं. रोज देवळात मी जाते, देवीसमोर तोंड मला दाखवायचं आहे. हल्ली पायरीवर बसून ड्रायव्हरांना सांगते, गाडी बाजूला लावा, खाली उतरा, मग हात जोडा. कुणी चिडतं, कुणी उतरतं.

अमावास्येनंतरच्या सोमवारी मी पोलिसांत जबाब द्यायला जाणार आहे. पाहिलं ते सांगणार, हात जोडायची सवय तुला मीच लावली तेही सांगणार. त्याआधी येऊन तू आपल्या तोंडानं खरं सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी उभी असेन. नाही आलास तरी मी जाणारच. लुगडं भागूमावशीला दिलेलं नाही, ते तू तिच्या हातात दे आणि तेव्हा पाया पड. येतोस की नाही, एवढं एका ओळीत उलट टपाली कळव.

तुझीच,
आई