गावात कोण कुठलं

मळईवाडी, ता. शिरूर
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. हमीदा हीस कस्तुराअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडं धडधाकट हाय. तिकडं रहीमभाऊंचा दम जरा कमी झाला एवढं कळलं की बरं वाटंल. दौंडला दवाखान्यासाठी गेलात त्याला तीन म्हैनं झालं. संक्रांतीला तुझ्या दाराचं कुलूप बघून तशीच माघारी आले. सातवी शिकल्याचा आज उपयोग करतेय, कारण सत्यजीतच्या फोनवर सारखं पंचायतीचंच चाललेलं असतं. सरपंच झाल्यापासून पोरगा मलाच दोन दिसांनी भेटतो.

गाव आता वळखू येत न्हाई. कंपन्या आल्यापासून चाळीच चाळी. बिहारचे, ओडिशाचे, नांदेडचे. गिरणीवर दळण टाकलं तर पुढं कोण हाय ते हिंदीत विचारावं लागतं. म्हणून सत्यजीतनं यादी काढायला घेतलीय, मूळचे कोण आन् बाहेरचे कोण. मला दोन दिवस समोर बसवून घरागणिक विचारलं. एवढं सगळं माझ्याशिवाय आता कोणाला ठावं? माळ्याचं घर पुरंदराकडचं, सुतार संगमनेरचे, तुझ्या सासऱ्यांना माझ्या मामंजींनी नणंदेच्या लग्नाच्या गाद्या भरायला जामखेडहून बैलगाडीत आणलं, ते हितंच राहिले. सगळं सांगितलं. पोरगा भराभर लिहीत होता. हमीदा, एवढं मानानं मला घरात कवा कोणी विचारलं न्हाई.

रहीमभाऊंना म्हणावं, लवकर या. माझी गादी पार दगड झालीय, आन् दुसऱ्याच्या हातची मला चालत न्हाई.

माया आहे तशी धरून ठेव.
कस्तुराअक्का


दौंड
२ फेब्रुवारी २०२५

ती. कस्तुराअक्का यांना हमीदाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मी सांगतेय आणि नात तहमीना लिहितेय, त्यामुळे अक्षर चांगलं आहे.

आमच्या लेकाची, अलीमची खोली रेल्वेच्या वसाहतीमागे आहे. शेजारी एका गार्डची विधवा राहते, ती तमिळ ख्रिश्चन. पलीकडे सिंधी, समोर तेलुगू मुकादम. प्रत्येकाची भाजी वेगळ्या वासाची. सगळेच कुठून ना कुठून आलेले, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. तरी यांचं मन इथे लागत नाही.

डॉक्टरांनी परवा अलीमला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसात कापसाची धूळ बसली आहे, आता फार दिवस नाहीत. यांनाही ते कळलंय. मला मळईवाडीला न्या, ओढ्याकाठच्या कब्रस्तानात बापाशेजारी ठेवा, एवढंच म्हणतात. तिथेच आमचा पहिला मुलगा आहे, चाळीस दिवसांचा. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी तुम्हीच मला धरून बसल्या होतात.

अलीमने सत्यजीतला फोन केला. तो नीट बोलला, पण म्हणाला की तुमचं नाव बाहेरच्यांच्या यादीत आहे, तेव्हा ग्रामसभेला विचारावं लागेल. अलीमचा जन्म तिथला, अक्का. सत्यजीत आणि तो एका बाकावर शिकले. जामखेडचं नाव आमच्या घरातही कोणी काढत नाही. ते पंचायतीला तुमच्याकडूनच कळलं, तुमच्याच पत्रात आहे. रागाने म्हणत नाही. पण आता तुम्हीच काही बोलून बघा.

तुमच्या मायेची आज फार गरज आहे.
हमीदा


मळईवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हमीदा हीस आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई, तरी लिहिते.

व्हय, मीच सांगितलं. यादी पंचायतीच्या भिंतीवर लावलीय. मूळचे एकसष्ट उंबरे, बाहेरचे दोनशे बारा. तुमचं नाव बिहारच्या एका वेल्डरच्या खाली हाय. मुलाण्यांचं एक घर तेवढं मूळच्यांत धरलं, जुने वतनदार म्हणून. दफनाची जागा त्यांच्यापुरतीच, बाहेरच्यांना न्हाई, असा ठराव काल ग्रामसभेत आला.

मी उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, आमचं घराणं तरी हितलं कुठं? मामंजींचे आजे दुष्काळात माणदेशातून दोन बैलं घेऊन आले, पाटलाच्या गोठ्यात राहिले. हेबी मी सत्यजीतला सांगितलं होतं, त्यानं लिहिलं न्हाई. आमचं नावबी बाहेरच्यांत टाका. सत्यजीत म्हणाला, आई, ते लई जुनं झालं. मी विचारलं, किती वर्षांनी जुनं होतं? उपसरपंच पोपटराव म्हणाले की कस्तुराबाईंचं आता वय झालं, त्यांना घरी न्या. सगळी हसली. ज्या बायांचे बाळंतविडे मी केले त्याबी हसल्या. मग हात वर झाले. चारच खाली राहिले.

माझा हात खालीच होता, हमीदा. पण यादी माझ्याच तोंडची. घरात कोणी माझ्याशी बोलत न्हाई. सूनबाई नीलम ताट ठेवून जाते. हे पत्र शाळेतल्या अनिता बाई टपालात टाकतील.

लोभ कर असं कोणत्या तोंडानं म्हणू?
कस्तुरा


दौंड
९ मार्च २०२५

ती. कस्तुराअक्का यांना सलाम. वि. वि.

तुमच्या रहीमभाऊंना जाऊन नऊ दिवस झाले. शुक्रवारी पहाटे गेले. ठराव ऐकूनही अलीमने गाडी केली. म्हणाला, मेलेल्या माणसाला कोण परत पाठवतं? वेशीवर पंचवीस-तीस जणांनी गाडी अडवली. पोपटराव पुढे होते. सत्यजीत मागे उभा होता, मान खाली घालून. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. फक्त रस्ता दिला नाही. अलीमने हात जोडले, मग मी जोडले. मला तिथून तुमचं घर दिसत होतं. दार लावलेलं होतं. तुम्हाला कोंडलं होतं हे नंतर अनिता बाईंच्या फोनवरून कळलं. त्या वेळी मला ते माहीत नव्हतं, अक्का. त्या वेळी मी तुम्हाला हाका मारल्या.

ऊन चढायला लागलं, तशी गाडी वळवली. शेवटी दौंडच्या कब्रस्तानात जागा मिळाली. माती द्यायला ज्यांना यांचं नावही माहीत नव्हतं अशी माणसं आली. तेलुगू मुकादम आला, सिंधी शेजारी आला.

तिथल्या वहीत लिहिणाऱ्याने विचारलं, मूळ गाव? अलीमने मळईवाडी, तालुका शिरूर असं सांगितलं. तहमीना चिडली, म्हणाली की दौंड लिहा. मी म्हटलं, राहू दे, तेच आहे. तसं लिहिलं गेलं.

तुम्ही सभेत उभ्या राहिलात ते मी विसरणार नाही. आधी काय सांगितलंत तेही विसरता येत नाही. दोन्ही एकाच माणसाचं आहे, म्हणून फार जड जातं. तुम्ही लिहिलेलं मला पोचेल, पण उत्तराला वेळ लागेल. आणि जमलं तर एकदा ओढ्याकाठी जाऊन या. माझ्या लेकराजवळ आता त्याचा बाप येणार नाही.

तुमचीच,
हमीदा