एक जूनच्या अकरा मुली

प्रति,
मा. वयोगट पडताळणी अधिकारी,
आंतरशालेय खो-खो स्पर्धा समिती,
पालघर.

विषय : चौदा वर्षांखालील मुलींच्या संघातील अकरा खेळाडूंना एकाच तारखेस जन्मल्याच्या कारणावरून अपात्र ठरविल्याचा फेरविचार होणेबाबत, व सामना परवा असल्याने हा फेरविचार आजच होणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
२) अर्जदाराचा अर्ज, दि. ४ नोव्हेंबर (परत मिळाला).
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. ६ नोव्हेंबर (टेबल क्रमांक दोनवर पाण्याच्या बाटलीखाली आहे, आज सकाळी पाहिला).

महोदय,

१. दि. ४ च्या अर्जात 'मी' हा शब्द एकोणीस वेळा आला म्हणून तो परत करण्यात आला. अर्जात अर्जदार असावा, मी नसावा, असे खिडकीवर सांगितले गेले. त्यामुळे नर्मदा आत्माराम चुरी, राहणार सरावली, बोईसर, ही बाई या अर्जात कोठेही 'मी' म्हणणार नाही. जे काही झाले ते अर्जदाराला झाले असे समजावे. तसे लिहायला बरेही वाटते, कारण गेल्या आठवड्यात या बाईने ज्या ज्या खिडक्यांवर जे जे ऐकून घेतले, ते दुसऱ्याच कोणी तरी ऐकले असे म्हणता येते.

२. अर्जदार औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पहिली पाळी तीनला सुटते, चार वाजता ती सरावलीत मुली गोळा करते. सहा वर्षांपूर्वी तिने नुसता अभ्यासवर्ग काढला होता. पहिल्या आठवड्यात तीन मुली आल्या, त्यांतल्या दोघी पाणी प्यायला. मग तिने कारखान्याच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या आणि सांगितले की आधी वाचायचे, मग खेळायचे. त्या संध्याकाळी वीस जणी आल्या. वाचनही तिने खेळासारखेच लावले. आठ जणी ओळीने बसतात, नववी उभी राहून एक ओळ वाचते आणि कोणाच्याही पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते. पुढची ओळ तिने वाचायची. थाप कोणावर पडेल याचा नेम नसल्याने सगळ्या जणी पुस्तकात डोळे घालून बसतात. ज्या मुलींना सहावीत जोडाक्षर येत नव्हते त्या आता वाण्याने पुडी बांधलेला पेपरसुद्धा सोडत नाहीत. या मुली ज्या शाळेत जातात तेथे खेळाचे शिक्षक नाहीत, म्हणून मुख्याध्यापकांनी अर्जदाराला मानसेवी मार्गदर्शक नेमले. सप्टेंबरात शाळेचा संघ तालुक्याला पहिला आला. हे सर्व आपणास ठाऊक असेल, कारण त्या सामन्याच्या बक्षीस समारंभात आपण खुर्चीवर होता व आपण टाळ्याही वाजवल्या होत्या.

३. त्यानंतर आपले दि. ३ चे पत्र आले. त्यातील मजकूर असा : "बारापैकी अकरा खेळाडूंची जन्मतारीख १ जून असणे ही बाब नैसर्गिक वाटत नाही. सबब सदर अकरा खेळाडू अपात्र. उर्वरित एक खेळाडू पात्र असून संघास जिल्हा फेरीत भाग घेण्यास हरकत नाही." उर्वरित एक म्हणजे किंजल. ती रुग्णालयात जन्मली, सतरा ऑगस्टला, आणि तिचा दाखला प्लास्टिकच्या पाकिटात आहे. पत्र आल्यापासून ती जेवत नाही. बाकीच्या अकरा जणींना वाटते की हिनेच काही तरी केले. आपल्या पत्रानुसार ती परवा एकटी मैदानात उतरू शकते. तिने खो कोणाला द्यावा, हे मात्र पत्रात लिहिलेले नाही.

४. आता तारखेचे. ज्या घरात बाळ जन्मले की कोणी कागद करत नाही, त्या घरातल्या पोराला शाळा एक जून देते. हे आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. या अकरा जणींना ती तारीख भिका गुरुजींनी दिली. गुरुजी आता निवृत्त होऊन सफाळ्याला असतात. अर्जदार शनिवारी त्यांच्याकडे जाऊन त्यांचा जबाब घेऊन आली. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे : "वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून, कारखान्याच्या चाळींतून मी पोरं हाताला धरून आणत होतो. आयांना वर्ष आठवत होते, तारीख आठवत नव्हती. तारीख नाही म्हणून पोर परत पाठवले असते तर ते पुन्हा सापडले नसते. म्हणून एक जून लिहीत गेलो. मी पोरं शाळेत आणायला गेलो होतो, बारशाला नाही." वर्ष त्यांनी प्रत्येक आईला दोनदा विचारून लिहिले आहे. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून अक्षर वेडेवाकडे आहे. त्यावरूनही काही शंका काढू नये ही विनंती.

५. येथे अर्जदाराला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. दरवर्षी एक जूनला ती या अकरा जणींचा वाढदिवस करते. एकच केक, त्याचे अकरा तुकडे, आणि किंजल रुसते म्हणून बारावा. यंदा एका दुकानदाराने "अकरा वाढदिवसांच्या हार्दिक शुभेच्छा" असा फलकही करून दिला. त्याखाली बसून काढलेला फोटो अर्जदाराने पहिल्या अर्जाला मोठ्या हौसेने जोडला. तिला वाटले, मुली किती गोड दिसतात हे पाहून साहेब विरघळतील. आपल्या कार्यालयाने त्या फोटोच्या मागे लाल शाईने लिहिले, "संगनमताचा पुरावा." अर्जदाराला इतका राग आला की ती जिना उतरताना मोठ्याने बोलत होती आणि लोक वळून पाहत होते. त्या फोटोत गुन्हा शोधायचाच असेल तर केक फार लहान होता, एवढाच सापडेल.

६. जन्माचे दाखले आणा, असे खिडकीवर सांगण्यात आले. अर्जदाराने कारखान्यात तीन दिवसांची बिनपगारी रजा टाकली. एका ग्रामपंचायतीत सांगितले की मूल भट्टीवर झाले तर भट्टी ज्या गावात आहे तेथे जा. त्या गावात सांगितले की आईबाप येथले नाहीत, तर नोंद येथे कशी असेल. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की आता नव्याने नोंद करायची तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागेल, त्याला दोन महिने धरा. सामन्याला तेव्हा सहा दिवस होते. त्यानंतर आपल्याच कार्यालयातल्या एका भल्या गृहस्थाने अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, एवढं कशाला धावता. तारखा जरा पसरवून आणा. कोणाला जुलै, कोणाला सप्टेंबर. वेगवेगळ्या दिसल्या की झालं." त्यांचे नाव अर्जदार लिहीत नाही, कारण त्यांनी चहाही पाजला. अर्जदार माणूसच आहे. घरी येऊन तिने कोऱ्या कागदावर तारखा पसरवल्याही. अकरांतल्या अपेक्षाला तिने नऊ ऑगस्ट दिली. अपेक्षा शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "ताई, एक जून बी आमची नाय, नऊ ऑगस्ट बी आमची नाय. मंग गुरुजींनी दिलेली काय वाईट हाय?" अर्जदाराने तो कागद फाडून टाकला. म्हणून आज ती आपल्यापुढे तीच जुनी तारीख घेऊन उभी आहे.

७. आता आपला खरा मुद्दा, म्हणजे मुली चौदाच्या वर नाहीत ना. नियमाप्रमाणे खेळाडू एक जानेवारी २०१२ रोजी वा त्यानंतर जन्मलेली हवी. अर्जदाराने अकराही आयांचे जबाब घेतले. अपेक्षाची आई साखरबाई हिने सांगितले, "ताडगोळं निघाली व्हती. बाप झाडावर व्हता, मी खाली व्हती, तवाच झाली. तारीख काय इचारता, तवा तारीख कोन बघीत बसलाय." नांदेडकडून आलेल्या रखमाबाईंचे म्हणणे, त्यांची मुलगी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, करीला, बैलांच्या अंगावरचा रंग अजून गेला नव्हता. हे जबाब कार्यालयात चालत नाहीत हे अर्जदाराला माहीत आहे. म्हणून तिने अंगणवाडीची जुनी वजनाची वही उघडायला लावली. ताडगोळे निघतात मेच्या सुमारास, आणि जुलै २०१२ मध्ये अपेक्षाचे वजन साडेचार किलो लिहिले आहे. साडेचार किलोचे पोर दोन महिन्यांचे असते, सात महिन्यांचे, म्हणजे २०११ मधले, नसते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सात मुलींच्या अशा नोंदी मिळाल्या. उरलेल्या चौघींची लसीची कार्डे आयांनी पत्र्याच्या पेटीत तांदळाच्या डब्याखाली जपून ठेवली होती. अकरांपैकी एकही मुलगी वयाने मोठी नाही. दिवस कोणाचाच खात्रीचा नाही, वर्ष सगळ्यांचे खात्रीचे आहे, आणि आपल्या नियमाला वर्षच पुरते.

८. एवढी घाई का, असे टेबल क्रमांक दोनवर विचारले गेले. पुढच्या वर्षी खेळा की, असेही म्हटले गेले. म्हणून अर्जदार अपेक्षाचे सांगते. जिल्हा फेरी पाहायला निवासी क्रीडा प्रशालेचे निवडकर्ते येणार आहेत. तेथे निवड झालेल्या मुलीला बारावीपर्यंत राहणे, जेवण, शाळा आणि मैदान मिळते. तालुक्याच्या सामन्यात अपेक्षा पूर्ण डाव नाबाद राहिली. नऊ जणी तिच्यामागे धावून दमल्या आणि ही खांबाला वळसा घालून हसत होती. तिचे आईवडील पावसाळा संपला की वैतरणा खाडीकडच्या वीटभट्टीवर जातात, आणि यंदा नेणारा टेम्पो शुक्रवारी, दि. १४ ला यायचा आहे. घरात अकरा महिन्यांचा भाऊ आहे, त्याला सांभाळायला कोणी तरी हवे. साखरबाई वाईट बाई नाही. ती अर्जदाराला स्पष्ट म्हणाली, "खेळून कुठं लागली तर ऱ्हाऊ द्या तिला, मी आड येणार नाय. पन नाय लागली तर माझी मला पायजे. भट्टीवर माझं हात दोनच हायेत." यात चूक काढण्याची अर्जदाराची हिंमत झाली नाही. अपेक्षाची थोरली बहीणही अशीच एका वर्षासाठी भट्टीवर गेली होती. तिचे दप्तर अजून वर्गाच्या खुंटीला आहे आणि तिला आता दोन मुले आहेत. बुधवारी खेळली तर अपेक्षा प्रशालेत, नाही तर शुक्रवारी टेम्पोत. मधला रस्ता अर्जदाराने पुष्कळ शोधला, तो नाही.

९. शेवटचा मुद्दा लिहावा की नाही यावर अर्जदार आज सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून विचार करते आहे. साडेदहाला साहेब बैठकीत होते, बाराला जेवायला, दोनला पुन्हा बैठकीत. बसल्या बसल्या करायचे काय म्हणून तिने भिंतीवरच्या फलकावरचे सगळे कागद वाचून काढले. त्यांत एक यादी आहे : "येत्या वर्षात नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणारे अधिकारी व कर्मचारी." नऊ नावे आहेत. त्यांतल्या सहांच्या पुढे एकच तारीख आहे, ३१ मे २०२६. ज्याच्या घरात कोणी सरकारी नोकरी केली आहे त्याला हा हिशेब पाठ असतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. मेमध्ये जन्मलेलाही त्याच दिवशी निवृत्त होतो, पण नऊपैकी सहा जण मेमधलेच कसे असतील, म्हणजे ही सहाही माणसे एक जूनची. तिसरे नाव आपले आहे.

हे वाचून अर्जदाराला आधी हसू आले, हे खोटे कशाला सांगा. मग हसू राहिले नाही. आपल्या आईलाही तारीख आठवली नसेल. तीही कोठे तरी कामावर असेल, आणि एका गुरुजींनी आपल्याला हाताला धरून शाळेत नेऊन बसवले असेल. त्यांनी त्या दिवशी दाखला मागितला असता तर या दारावर आज दुसऱ्याच कोणाची पाटी असती. अर्जदार आपल्या जन्मतारखेबद्दल शंका घेत नाही. ही यादी तिने कोणाला दाखवलेली नाही, दाखवणारही नाही. आपण सहाही साहेब एकाच दिवशी जन्मलात यात तिला काहीही अनैसर्गिक वाटत नाही.

तरी विनंती अशी की, आपण या वेळी बैठकीतून उठून बाहेर यावे. अर्जदार बाकावर आहे, आणि तिच्यासोबत अपेक्षाही आली आहे. तिला एकदा बघावे. त्या गुरुजींनी आपल्यासाठी जे केले, तेवढेच तिच्यासाठी करावे.

उत्तर मिळेपर्यंत बाकावरून न उठणारी,

नर्मदा आत्माराम चुरी
मानसेवी मार्गदर्शक, खो-खो (मुली)
सरावली, बोईसर
दि. १० नोव्हेंबर २०२५, दुपारी पावणेचार

सोबत : १) मुख्याध्यापकांचे नेमणूकपत्र. २) भिका गुरुजींचा जबाब. ३) अकरा आयांचे जबाब, नऊ अंगठे व दोन सह्या. ४) अंगणवाडीच्या वहीच्या व लसीच्या कार्डांच्या प्रती. ५) अकरा ओळखपत्रे. फोटो चिकटवले आहेत, शाळेचा शिक्का आहे, फक्त आपली सही व्हायची आहे.