न ओतलेलं पाणी

प्रिय नेझिहे विहीणबाई,

तुमचं पातेलं पोचलं असेल. बसच्या ड्रायव्हरला मी दहा वेळा बजावलंय की आडवं ठेवू नकोस. झाकण लगेच उघडू नका, आधी हे वाचा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देता कुठे? मी 'अहो' म्हणेपर्यंत तुमचे गुडघे, तुमची शेजारीण आणि मेर्सिनची हवा असं सगळं होऊन जातं. कागदावर तुम्हाला मधे बोलता येणार नाही, या विचारानेच मला इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू! अक्षर माझं कोंबडीच्या पायासारखं आहे. शाळा सुटली तेव्हा मी मेंढ्यांमागे होते, आणि पुन्हा भरली तेव्हा लग्न लागलं होतं. तेव्हा नाक मुरडू नका, चष्मा लावा.

शनिवार-रविवार तुमच्याकडे राहून आले, त्याचं आधी चांगलं सांगते. तुमच्या गच्चीवर सकाळी चहा घेताना खालून लिंबाच्या झाडांचा वास येतो, समोर निळं पाणी, दूर बोटी उभ्या. सगळं छान. इतकं छान की माझ्या पोटात दुखायला लागलं. आमच्या कारामानला खिडकी उघडली की समोर काय, तर शेजारच्या मेहमेतचा ट्रॅक्टर. तोही बिघडलेला. तुम्ही विचारलंत, "शेरीफे हानम, आवडला का समुद्र?" मी म्हटलं, "ओला आहे." तुम्ही हसलात. मी काही विनोद केला नव्हता.

तुम्हाला वाटलं मी हवापालटाला आले. छे! मी आपल्या नातीला, जेरेनला, सुट्टीपुरती मागायला आले होते. पहिली पाच वर्षं ती पोर माझ्या मांडीवर वाढली. माझी तुलाय आणि तुमचा सेरदार दोघंही बिस्किटांच्या कारखान्यात, मग पोरीला न्हाऊमाखू कोणी घातलं? मी. पहिलं पाऊल तिनं माझ्या चुलीपासून कोंबड्यांपर्यंत टाकलं. पुढे सेरदारला तुमच्या बंदरात नोकरी लागली आणि बिऱ्हाड तुमच्या वरच्या मजल्यावर गेलं. तरी उन्हाळ्याची सुट्टी माझी होती. आणि यंदा तुलाय मला फोनवर सांगते, "आई, जेरेन या सुट्टीत इथेच राहील गं. पोहायला शिकतेय." शिकवतंय कोण? तुम्ही! अडुसष्टाव्या वर्षी!

मग तो शनिवारचा किनारा. तुम्ही पोहायचा पोशाख घालून सरळ पाण्यात गेलात आणि माझी जेरेन बदकाच्या पिल्लासारखी तुमच्या मागे. मी छत्रीखाली मोजे घालून तुम्हा सगळ्यांच्या चपला राखत बसले होते. पोरगी पाण्यातून ओरडते, "आजी, इकडे बघ ना! नेझिहे आजी मासळी आहे मासळी!" मी ओरडून सांगितलं, "मासळी तव्यावरच बरी दिसते!" शेजारच्या चटईवरची माणसं हसायला लागली, आणि तुम्ही तर सगळ्यांत मोठ्यानं. रागावला असतात तर मला जरा तरी समाधान झालं असतं.

जेवताना पुन्हा तेच. भात भरून द्राक्षाच्या पानांचा सारमा मी तीस वर्षं वळतेय, लग्नाकार्यात मला गाडी पाठवून नेतात. आणि जेरेन सगळ्यांसमोर म्हणते, "आजी, तुझा सारमा बाबांच्या अंगठ्याएवढा असतो, नेझिहे आजीचा बघ, पेन्सिलीएवढा!" सेरदार खाली मान घालून पाणी प्यायला. मी एक तोंडात टाकला आणि म्हटलं, "लिंबू फार आहे." लिंबू बरोबर होतं, विहीणबाई. म्हणूनच तर घास गिळवेना. सुट्टीचं विचारायचं माझ्या ओठांवरच राहिलं. विचारलं असतं आणि पोरगीच 'नाही' म्हणाली असती तर?

रविवारी निघाले. सेरदारनं मला बसवर सोडायला गाडी काढली, तुलायनं माझा हात कपाळाला लावला, तुम्ही सारम्याचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलंत. गाडी हलली तशी मी मागे वळून बघत राहिले. आपल्यात जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात. का, तर माणूस पाण्यासारखा सुखानं जावा आणि तसाच परत यावा. दारावर आलेल्या फेरीवाल्यालासुद्धा मी कोरडा जाऊ दिला नसता! आणि तुम्ही? घरात धावत गेलात, धावत बाहेर आलात, आणि रिकामा हात हलवलात. जेरेन तर दारातसुद्धा नव्हती.

सिलिफकेपासून मुतपर्यंत मी बसमध्ये तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. हिला मी परत यायलाच नकोय. पोरीनंही पाठ फिरवली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काकू, पातेल्यात काय आहे?" मी म्हटलं, "वैर." मग आम्ही दोघींनी मिळून अर्धं वैर खाऊन टाकलं. चविष्ट होतं.

काल तुलायचा फोन आला. हसतेय की रडतेय ते कळेना. तुमची ती नक्षीची तांब्याची सुरई सापडली म्हणे. जेरेनच्या पोहायच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवलेली! विचारलं तर पोरगी म्हणाली, "पाणी ओतलं की आजी पाण्यासारखी भुर्रकन जाते. ओतलंच नाही तर कशी जाईल? तरी गेली ती." आणि भोकाड पसरलं. तुम्ही बिचाऱ्या मी निघताना घरभर ती सुरई शोधत होतात. साध्या पेल्यानं ओतलं असतंत तरी चाललं असतं हो, पण तुम्हाला सगळं शोभेचं लागतं. तुलायनं पुढचंही सांगितलं. तुम्ही म्हणालात म्हणे, "मी अदानाला बहिणीकडे निघाले तेव्हा या पोरीनं उड्या मारत अख्खी बादली ओतली होती." आणि तोंड फुगवून बसलात. विहीणबाई, खोटं कशाला बोलू, मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन एकटीच नाचले. कोंबड्या घाबरल्या.

नाचून झाल्यावर मात्र तुमचं ते फुगलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. छत्रीखाली माझं तसंच झालं होतं. हे पत्र त्यासाठी. भरून आलेलं पातेलं रिकामं पाठवायची रीत नाही, म्हणून यात माझा सारमा आहे. बारीक वळलाय, बोटं अजून दुखतायत. जेरेनला पेन्सिल शेजारी ठेवून बघायला सांगा. शाळा संपली की तिला घेऊन या. एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. इथे समुद्र नाही, पण मागच्या ओढ्यात पाय बुडतील एवढं पाणी आहे. मोजे काढून मीही उतरेन, तुम्ही हात धरला तर. सुट्टीभर राहा. आणि निघायच्या दिवशी माझ्या घरात पाणी ओतायला एकही भांडं सापडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमच्यावर जळणारी, तुमचीच,
शेरीफे